तीन जिनसांचं जेवण

माझ्या तोंडाची चव गेली ती थंडीतल्या तापात. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उतरला आणि जाताना चव आणि वास दोन्ही सोबत घेऊन गेला. सहाव्या दिवशी मी उठून चहा केला. एक घोट घेतला आणि वाटलं, साखर विसरले. अजून एक चमचा घातली. मग वाटलं, चहापत्तीच विसरले. माझा कप ह्यांनी चुकून उचलला, पेपरातून डोकं वर न काढता अर्धा संपवला आणि म्हणाले, "छान झालाय."

डॉक्टरकडे मी एकटीच गेले. तो म्हणाला, "येईल परत. कधी कधी येते, कधी कधी नाही येत." एवढं ज्ञान मला घरबसल्याही होतं. फी घेताना मात्र त्याला कसलीच शंका नव्हती.

घरात मी कुणाला काही बोलले नाही, आणि त्याला कारण आहे. माझी थोरली नणंद. सात माणसांचं घर तिने एकहाती रांधून खाऊ घातलं. तीन वर्षांपूर्वी एकदा तिने रश्श्यात मीठ दोनदा घातलं, बस, तेवढंच. तिच्या मुलांनी अगदी प्रेमाने तिला म्हटलं, "आई, आता तू आराम कर." तेव्हापासून ती गॅलरीतल्या खुर्चीत बसून आराम करते. आल्यागेल्याला विचारते, "जेवलात का?" आणि समोरचा नाही म्हणाला तर तिला काहीच करता येत नाही, कारण स्वयंपाकघरात दुसऱ्याच कुणाचा हात चालतो. मी तिला भेटून आले की दोन दिवस मला जेवण जात नाही. आराम या शब्दाची मला धडकी भरलेली आहे, ती तेव्हापासून.

तेव्हा चव गेली हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. हात शाबूत होता, डोळे शाबूत होते. कांदा किती परतला हे रंगावरून दिसतं, भात शिजला की नाही हे बोटाने कळतं. चार माणसांचं मीठ माझ्या तळहाताच्या खळग्यात बरोबर मावतं, ते माप मी झोपेतसुद्धा चुकणार नाही. अडचण होती ती दहा-बारा गोष्टी पडणाऱ्या पदार्थांची. त्यात हे थोडं आंबट झालं की ते थोडं गोड करायचं, ते गोड झालं की हे तिखट, आणि या भांडणात निवाडा जिभेनेच करायचा असतो. माझा न्यायाधीश रजेवर गेलेला. म्हणून मी भांडणच मिटवून टाकलं. त्या संध्याकाळी एका पातेल्यात तांदूळ, मसूर आणि कांदा शिजवला आणि तेच पानात वाढलं.

"आज एवढंच?" ह्यांनी विचारलं.

"काटकसर," मी म्हटलं. तोंडात आलं ते बोलून गेले. मला काय ठाऊक, त्या एका शब्दाने घराला काय सोसावं लागणार आहे.

आमचे हे म्हणजे वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. तागडीखाली चिकटवलेला चिंचोक्याएवढा मेणाचा गोळा त्यांनी बोट फिरवून शोधून काढल्याची गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे, आणि पाहुण्यांनी प्रत्येकी किमान दोनदा. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांच्या हाताला तपासायला काही नव्हतं. माणूस तत्त्वाच्या शोधात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजच्या दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात एक कागद चिकटलेला होता: "एका जेवणात तीन जिनसा. जास्त नाही." खाली पोटकलमं. पाणी हा जिन्नस नाही. मीठ हा जिन्नस नाही. तेल हा अर्धा जिन्नस आहे.

"अर्धा म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"म्हणजे तेलातल्या दोन भाज्या झाल्या की तिसऱ्या दिवशी एक जिन्नस कमी करायचा."

वाद घालायला मला तोंड कुठे होतं? माझ्या अंगाशी आलेली गोष्ट कुणीतरी नियम म्हणून फ्रीजवर लावत होतं. मनात म्हटलं, देव पावला. बटाटा, दूध, मिरी. कोबी, अंडं, पाव. भोपळा, तांदूळ, कांदा. आठवडाभर असा स्वयंपाक झाला, आणि हे पानावर बसले की आधी मोजायचे, मग जेवायचे. मोजणी बरोबर आली की चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते पूर्वी मी सणासुदीला केलेल्या जेवणानेही आलेलं मला आठवत नाही.

आमचे चिरंजीव पंख्यांच्या कंपनीत विक्री बघतात. त्यालाही हे फार आवडलं. चार घास खायचा आणि पोटावरून हात फिरवून म्हणायचा, "बास आई. साध्या जेवणाने किती लवकर पोट भरतं, नाही?" धुण्यात मी त्याच्या शर्टाचे खिसे उलटे करते. रोज तेलाने पारदर्शक झालेले कागदी रुमाल निघायचे, एकदा तर कोंबडीचं हाडूकच निघालं. साधेपणा पचायला त्याला वाटेत असा आधार लागत होता.

सूनबाई पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रार कक्षात फोनवर बसते. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून घेते आणि "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणते. ती माझ्या जेवणाबद्दल कधी ब्र काढत नाही. पर्समध्ये तिखट सॉसची छोटी बाटली ठेवते, आणि मी पाणी आणायला उठले की पानावर दोन थेंब शिंपडते, हे मी कपाटाच्या काचेत बघितलेलं आहे. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. आमचं नातं चांगलं आहे.

पण दोनदा तिने विचारलं, "आई, संध्याकाळचं मी बघत जाऊ का? तुमची दगदग होते." आवाज इतका मऊ की काळजात चर्र झालं. तीन दिवस नळाला पाणी नाही म्हणून फोन करणाऱ्यांशी ती याच आवाजात बोलते. "काही दगदग नाही," मी म्हटलं, आणि त्या दिवसापासून चाखण्याचं नाटक सुरू केलं. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे, जरा थांबायचं, मान हलवायची. तळहात भाजायचा, बाकी काही कळायचं नाही. पण बघणाऱ्याला वाटायचं, बाई मुरलेली आहे.

सहा महिने असे निभावले, पुढचेही निभावले असते, पण चिरंजीवांनी माझ्या पानाचा फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या घरी तीन जिनसांचं जेवण. बाबांचा नियम, आईचा हात." तासाभरात चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दारात हजर.

या बाई इमारतीच्या मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या घरात बोलणारा ओव्हन आहे, पदार्थ झाला की तो अभिनंदन करतो. त्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, रिकाम्या बरण्यांकडे बघितलं आणि उसासा सोडला. "किती मोकळं आहे. किती शांत वाटतं इथे." बरण्या रिकाम्या होत्या कारण नियमाप्रमाणे भरायच्या बंद झाल्या होत्या. मी म्हटलं, "बसा, चहा ठेवते." त्या म्हणाल्या, "नको, आलं घातलं की चहात चार जिनसा होतात." ह्यांचा ऊर भरून आला.

आठवड्याच्या आत इमारतीला साधेपणाची लागण झाली. डॉक्टरीणबाईंनी साध्या स्वयंपाकासाठी म्हणून दगडाचं भांडं मागवलं, ते उचलायला दोन माणसं लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी साध्या जेवणाला शोभेल असं जेवणाचं नवीन टेबल केलं आणि जुनं टाकून दिलं. मंडळाची एक खास बैठक झाली आणि त्यात मीठ हा जिन्नस आहे की नाही यावर पावणेदोन तास चर्चा झाली. वकीलसाहेब कडवे निघाले, म्हणाले, मीठ विकत आणावं लागतं म्हणजे जिन्नसच. हे तावातावाने उभे राहिले आणि आपल्या फ्रीजवरच्या कागदाचा हवाला दिला. शेवटी तोड निघाली ती अशी की मीठ साधं असेल तर जिन्नस नाही, डॉक्टरीणबाई वापरतात तसं गुलाबी असेल तर जिन्नस. त्याच बैठकीत ठरलं की तळमजल्यावरच्या सभागृहात मी सगळ्यांसमोर चाळीस माणसांचं तीन जिनसांचं जेवण करून दाखवायचं. माझ्या वतीने ह्यांनी होकार दिला, आभारही मानले. घरी येऊन मला सांगितलं, "तुझा सत्कार आहे. फक्त स्वयंपाक तुला करायचाय."

चार माणसांचं मीठ माझ्या हातात आहे, चाळिसांचं नाही. मी हिशोब केला, दहा वेळा तळहात भरायचा. पण पातेलं मोठं असलं की पाणी वेगळं आटतं, मसूर वेगळा फुलतो, आणि दहापट म्हणजे दहापट असं स्वयंपाकात कधीच होत नाही. ते जिभेनेच ठरवायचं असतं. नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं, तर खुर्ची. मी गॅलरीत जाऊन आमच्याकडच्या खुर्चीकडे बघून आले. तिच्यावर जुनी रद्दी ठेवलेली होती, म्हणून जरा धीर आला.

पुढच्या रविवारी सकाळी सभागृहात गेले आणि उंबऱ्यातच थबकले. साधेपणाचा एवढा थाट मी लग्नातही बघितला नव्हता. भिंतभर छापील कापडी फलक, त्यावर "कमी हेच पुरे". टेबलांवर फुलं. चाळीस मातीच्या वाट्या खास घडवून आणलेल्या, प्रत्येकीवर मंडळाचं नाव. माइक होता, दिवे होते, आणि फोटोवाला होता, त्याने आल्या आल्या मला विचारलं, "ताई, यापेक्षा जुनी साडी नव्हती का? गरीब वाटायला हवं." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो जाऊन दिवे तपासायला लागला.

शेगडीवर पातेलं चढवलं. कांदा कापला, परतला, रंग चांगला आला. मसूर पडला, तांदूळ पडले, पाणी पडलं. शेजारी वाडग्यात मीठ काठोकाठ भरून ठेवलेलं. मी पहिली मूठ भरली आणि फोटोवाला ओरडला, "थांबा ताई. हात असाच वर धरा. हां. आता टाकल्यासारखं करा. नको, टाकू नका, नुसतं टाकल्यासारखं." मी केलं. "मीठ परत वाडग्यात घ्या, दुसऱ्या बाजूने घेऊ." परत घेतलं. परत मूठ, परत हात वर, परत टाकल्यासारखं. तिसऱ्यांदा दिव्याची वायर निसटली म्हणून पुन्हा. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी माइक माझ्या तोंडाशी आणला, "साधेपणाकडे तुम्ही कशा वळलात?" मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी माइक घेतला आणि कसे वळलो ते सांगू लागले. दहा मिनिटं वळत होते. मी झाकण ठेवलं.

झाकण काढलं तेव्हा माझ्या मनात पक्कं होतं की मीठ घातलंय. हाताला मीठ लागलेलं, टेबलावर मीठ सांडलेलं, तीन-तीनदा मूठ पातेल्यावर धरल्याचं आठवत होतं. कोणतीही बाई अशा वेळी चाखून बघते. मीही चाखलं. तळहातावर थेंब, जिभेला लावला, डोळे मिटले, थांबले, मान हलवली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. नुसत्या मानेला टाळ्या.

वाढणं झालं. सूनबाईने पहिला घास घेतला, चावायची थांबली आणि माझ्याकडे बघितलं. मग वाटी हातात घेऊन सावकाश माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "आई, यात मीठ नाहीये. अजिबात."

मी वाडग्याकडे बघितलं. काठोकाठ भरलेला. चाळीस माणसं समोर बसून आळणी भात चिवडतायत, आता कुणीतरी पहिला तोंड वाकडं करणार, मग सगळे करणार, आणि मग घरी जाऊन मुलगा हळूच म्हणणार, आई, आता तू. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले.

"वा," वकीलसाहेब म्हणाले.

"अगदी शुद्ध," कुणीतरी मागून म्हणालं. "काही मध्ये येत नाही." डॉक्टरीणबाई डोळे मिटून चावत होत्या. त्या म्हणाल्या, "बघा, जिभेला चाळवायला काही नसलं की मन कसं आत वळतं." लोकांची मनं आत वळत होती. घास तोंडात घोळवत, पाण्याचे घोट घेत लोक एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. एकजण दुसऱ्यांदा घ्यायला उठला, दोन पावलं आला आणि साधेपणाची आठवण होऊन परत जाऊन बसला.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडलाही असता, पण हे माइक घेऊन उभे राहिले.

"मी वजनमापातला माणूस," ह्यांनी सुरुवात केली. "माझ्या बोटाला गुंजेचा फरक कळतो. आज मी तुम्हाला साक्ष देतो. एक्केचाळीस वर्षं मी हिच्या हातचं खातोय. एक्केचाळीस वर्षांत हिच्या मिठाचं माप एकदाही चुकलेलं नाही. आजचंच बघा. ना कमी, ना जास्त. डोळे बांधून हजार पानं समोर ठेवली तरी हिचं मीठ मी ओळखून दाखवीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानांत दडे बसले. आधी मला हसू येईल असं वाटलं, पण आलं ते काहीतरी दुसरंच. एक्केचाळीस वर्षं. रोज दोन वेळा. गरोदरपणी वास सहन होत नव्हता तेव्हा नाकाला पदर बांधून केलं. आई गेली त्या दिवशी सुतकाची पर्वा न करता ह्यांच्यापुरता भात टाकला. दर वेळी थेंब तळहातावर घेतला, दर वेळी चिमूट इकडे चिमूट तिकडे करत बसले, की ह्यांना बरोबर लागावं. आणि त्या माणसाला आळणी आणि खारट यात फरकच कळत नव्हता. खुर्चीची भीती त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. मला संताप आला, आणि मी माइक ओढून घेतला.

"यात मीठ नाही," मी म्हटलं. "एक कणसुद्धा नाही. हा वाडगा बघा, भरलेला आहे. फोटोसाठी तीनदा हात वर केला, घालायचं राहून गेलं. आणि ते मला कळलं नाही, कारण मला चव कळत नाही. सात महिने झाले. तापात गेली. तीन जिनसांचं तत्त्व वगैरे काही नाही, जास्त गोष्टी घातल्या तर मला सांभाळता येत नाहीत म्हणून कमी घालते. बास. एवढंच आहे ते."

मी मनात म्हटलं, झालं, संपलं, आता कळेल सगळ्यांना. डॉक्टरीणबाई हळूच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई चवीच्याही पलीकडे गेल्या," त्या म्हणाल्या. "आपण अजून मिठावर वाद घालत बसलोय."

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की मातीची एक वाटी खाली पडून फुटली. वकीलसाहेबांनी विजयी मुद्रेने जाहीर केलं की मीठ जिन्नसच होता हे आज सिद्ध झालं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "ताई, तिनावरून दोनावर कधी येताय?" फोटोवाल्याने मला रिकाम्या मुठीने पातेल्यावर हात धरायला सांगितलं. मी वाडगा उचलला आणि सगळं मीठ एकदम पातेल्यात ओतून दिलं. आता ते कुणालाच खाता येणार नव्हतं. लोकांनी तेही टिपून घेतलं.

घरी आल्यावर हे कोपऱ्यात जाऊन बसले, पेपर उघडला, पण पान उलटलं नाही. बऱ्याच वेळाने चिरंजीव घसा खाकरून म्हणाले, "आई, तू आधी सांगायचंस ना. एवढा त्रास कशाला काढलास? आता तू आराम कर. माझ्या ऑफिसात एकजण डबा लावतो, चांगला असतो. उद्यापासूनच सांगतो." बोलता बोलता तो गॅलरीत गेला आणि खुर्चीवरची रद्दी खाली उतरवून ठेवायला लागला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, लेकरू मायाळू आहे.

"ठेव ती रद्दी परत," मी म्हटलं. आवाज इतका चढला की मीच दचकले. "माझे हात चालतात. डोळे चालतात. एवढ्या वर्षांचं डोक्यात आहे ते सगळं जागच्या जागी आहे. एक जीभ गेली माझी. घरात तीन जिभा रिकाम्या बसल्यात, त्यातली एक कामाला लावायची तर मला खुर्चीत बसवता?"

मी सूनबाईकडे बघायचं टाळत होते, कारण पळी जायची तर तिच्याकडेच जाणार होती. ती पर्स उघडून सॉसची बाटली बाहेर काढत होती. ती तिने टेबलावर सगळ्यांच्या देखत ठेवली.

"आईंची तक्रार बरोबर आहे," ती म्हणाली. "नोंदवली. डबा-बिबा काही लावायचा नाही. मला आठ तास लोकांचं ऐकायचं असतं, घरी येऊन आईंच्या हातचंच हवं मला, फक्त मीठ असलेलं. दिवसभर घरी कोण असतं?"

सगळ्यांनी पेपराकडे बघितलं. पेपर हळूहळू खाली आला.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांची नेमणूक झाली. अकरा वाजता मी हाक मारायची, हे येऊन ओट्यापाशी उभे राहायचे. मी पळीतलं बशीत फुंकून द्यायची, हे जिभेला लावून लगेच म्हणायचे, "उत्तम." भाजीला उत्तम, रश्श्याला उत्तम, तिसऱ्या दिवशी नुसतं गरम पाणी दिलं तर तेही उत्तम. चौथ्या दिवशी मी तीन वाट्या मांडल्या. एकीत मीठ नाही, एकीत मापाचं, एकीत दुप्पट. "सांगा," मी म्हटलं. ह्यांनी तिन्ही चाखल्या. "तिन्ही चांगल्या झाल्यात गं."

"दुकानदाराला असं सोडलं असतंत?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा पहिली वाटी घेतली, मग तिसरी. कपाळाला आठी पडली. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग इतकी वर्षं मी जेवताना काय करत होतो?"

"पेपर वाचत होतात," मी म्हटलं. ते हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

त्यानंतर ते हाक मारायच्या आधीच यायला लागले. फ्रीजवरचा कागद त्यांनी स्वतःच काढला, मी विचारलंही नाही. मी जिरं घातलं, दोन दिवसांनी लिंबू पिळलं, मग लसूण. दर वेळी मी विचारायची, "काय लागतंय?" आणि "चांगलं" हे उत्तर चालायचं नाही. चांगलं म्हणजे काय, आंबट की खारट की तुरट, तोंडात आधी काय लागतं, मागून काय राहतं. बिचारे घामाघूम व्हायचे. एकदा लसूण जळला होता, मला वास आला नाही आणि ह्यांना नाव सापडेना, म्हणाले, "काहीतरी दुःखी लागतंय." सूनबाई तीन दिवस हसत होती. मीही हसले, पण पातेलं ओतून टाकून दुसरं चढवलं.

साधारण महिना झाला असेल. मंगळवार होता. बटाट्याचा रस्सा होता, त्यात किती जिनसा होत्या ते आता कुणी मोजत नव्हतं. मी पळी पुढे केली. ह्यांनी स्वतःच फुंकली, थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला. अजून एक थेंब घेतला.

"कमी आहे," ते म्हणाले.

"काय कमी आहे?"

"मीठ. फार नाही, चिमूटभर. आणि कांदा अजून जरा परतायला हवा होता, किंचित कच्चा लागतोय मागून." एवढं बोलून ते घाबरले, मला राग आला की काय म्हणून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. "म्हणजे वाईट नाही हं. पण कमी आहे."

मी चिमूट घातली, ढवळलं, पळी पुन्हा पुढे केली. त्यांनी पुन्हा चाखलं, थांबले आणि म्हणाले, "आता बरोबर." आणि पळीत उरलं होतं तेही पिऊन टाकलं.

मला रडू आलं. पदराने डोळे पुसले तर ते म्हणाले, "अगं, काय झालं, एवढं काय बोललो मी?" काय सांगणार त्यांना? एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातचं खाल्लं होतं, आणि ते कसं झालंय हे मला कळत नव्हतं.